सातांचं कडं आणि चंदनाचं बोट

माझा स्फटिक झाला. पारदर्शक झाला, क्ष-किरणांच्या परीक्षेत पास झाला, आणि कड्यात बरोबर सात अणू निघाले.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही असं समजा. गोष्ट सुरू होते आयुधपूजेच्या सकाळी, आणि त्या सकाळी स्फटिक वगैरे काही नव्हतं. काचेच्या एका चिमुकल्या बाटलीत, म्हणजे व्हायलमध्ये, मधासारखं तेल होतं आणि त्या तेलाकडे बघत बसलेला मी होतो. दोघंही चिकट, आणि दोघांचंही पुढे काही होईल असं लक्षण नव्हतं.

मी गिरीधर. चेन्नईतल्या एका विद्यापीठात सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएचडी करतो. आमचं घराणं तंजावरच्या मराठ्यांचं. म्हणजे पूर्वज घोड्यावर बसून दक्षिणेत आले, इथलं जेवण आवडलं, घोडा विकला आणि कचेरीत चिकटले. त्या पराक्रमाची एकच खूण घरात उरली आहे, ती म्हणजे एक तलवार. टी. नगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती वॉशिंग मशीनच्या मागे उभी असते. वर्षातून एकदा, आयुधपूजेला, तिला बाहेर काढून गंध लावतात आणि तिच्या शेजारी मिक्सर, इस्त्री आणि माझा लॅपटॉप ओळीने मांडतात. मिक्सरने तलवारीपेक्षा जास्त लढाया पाहिल्या आहेत, पण मान तलवारीचा.

आता माझं संशोधन. घाबरू नका, थोडक्यात सांगतो. एक लांबट रेणू घ्यायचा, त्याचं शेपूट वळवून त्यालाच चिकटवायचं आणि त्याचं कडं करायचं. शेपूट आपणहून जिथे चिकटतं तिथे सहा अणूंचं कडं होतं. हे कडं जगाला फार जुनं माहीत आहे, ते पुन्हा केलंत तर कुणी चहासुद्धा विचारत नाही. माझं म्हणणं असं की मी वापरलेल्या लोखंडाच्या क्षारामुळे शेपूट एक घर पुढे जाऊन चिकटतं आणि सात अणूंचं कडं तयार होतं. सात निघाले तर शोध. सहा निघाले तर मी पाच वर्षं सरकारी विजेवर जुनंच कडं करत बसलो होतो.

सात की सहा हे डोळ्यांनी दिसत नाही. एनएमआर नावाचं एक मोठं यंत्र असतं, ते रेणूची चौकशी करून आलेख काढून देतं. माझा आलेख पाहून मला सात दिसायचे. आमचा निबंध ज्या नियतकालिकाला पाठवला होता, त्याच्या परीक्षक क्रमांक दोन यांना सहा दिसले. त्यांचं नाव गुप्त असतं, मत नसतं. त्यांनी लिहिलं, 'लेखकांचा आत्मविश्वास कौतुकास्पद आहे. स्फटिकाची क्ष-किरण रचना जोडावी, अन्यथा दावा मागे घ्यावा.' मुदत महिनाअखेरपर्यंत. एकदा वाढवून मिळालेली. दुसऱ्यांदा मागितली तेव्हा संपादकांनी इतक्या गोड भाषेत उत्तर दिलं की मला घाम फुटला. आणि आमच्याकडे नियम असा की निबंध स्वीकारला गेल्याशिवाय प्रबंध सादर करता येत नाही.

थोडक्यात, मला स्फटिक हवा होता. माझ्या पदार्थाला तेलच राहायचं होतं.

काय नाही केलं? फ्रीजमध्ये ठेवलं. निरनिराळ्या द्रावकांत विरघळवून हळूहळू उडू दिलं. काचेच्या कांडीने भांडं आतून खरवडलं, म्हणजे चरे पडतात आणि चऱ्यांवर स्फटिक धरतात. चरे सुरेख पडले. आमच्या गाइड जयवंती मॅडम यांनी एकदा व्हायल उजेडाकडे धरली आणि म्हणाल्या, "गिरी, वाईट वाटून घेऊ नकोस, पण हे पोळीला लावून खाता येईल."

माझी एक खोड होती, ती इथे सांगणं भाग आहे. मी सारखी व्हायल उचलून बघायचो. स्फटिक धरायला शांतता लागते, हे मला पाठ होतं. मी ते पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायचो. शिकवून झालं की जाऊन व्हायल हलवून बघायचो. बाळ झोपलंय का हे बघायला दर पाच मिनिटांनी त्याला गदागदा हलवणारा बाप असतो ना, तसा.

तर आयुधपूजेची सकाळ. घरी सकवारबाई सहाणेवर चंदन उगाळत बसल्या होत्या. या माझ्या अत्या, वडिलांची थोरली बहीण. आमच्या घरातली जुनी तंजावरी मराठी आता त्यांच्याच तोंडी उरली आहे. बाकी आम्ही सगळे तमिळमध्ये भांडतो आणि इंग्रजीत समेट करतो.

"तुझं तें तेल गोठलं का रे?" अत्यांनी विचारलं.

"नाही अत्या."

"अय्यो! पांच वर्षं! तूप तरी मार्गळीत गोठतं." मार्गळी म्हणजे आमचा थंडीचा महिना. त्यात स्वेटर घालावासा वाटतो, घालावा लागत नाही.

"तूप नाही ते. सात अणूंचं..."

"सात असो, सत्तर असो, मज काय कळतं. हें घे." त्यांनी उगाळलेलं चंदन स्टीलच्या डबीत भरून माझ्या हातात दिलं. "तुमच्या लॅबांत दुकानांतलं संदनम लावतात. तें चंदन नव्हे रे, पावडर. सेंटाची. सरस्वतीला शिंका येतील."

प्रयोगशाळेत पोचलो तेव्हा अलमेलू अक्का खुर्चीवर उभ्या राहून फ्यूम हूडला, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाला, आंब्याच्या पानांचं तोरण बांधत होत्या. अक्का आमच्यात सर्वांत ज्येष्ठ. पीएचडी केव्हाच झालेली, आता मॅडमच्या हाताखाली पुढचं संशोधन करतात, आणि प्रयोगशाळा प्रत्यक्षात त्याच चालवतात. मॅडमना हे माहीत आहे आणि मॅडम त्याबद्दल आभारी आहेत.

आयुधपूजेला चेन्नईत प्रत्येक हत्याराला सुट्टी असते. रिक्षा, शिवणयंत्र, लेथ, बसचं स्टिअरिंग, सगळ्यांना गंध-कुंकू लागतं आणि मग त्या दिवशी त्यांना कुणी कामाला लावत नाही. अंबत्तूरच्या कारखान्यांत हेच, आमच्या प्रयोगशाळेत हेच. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, पुन्हा दिवा दाखवून ती कामावर घ्यायची. यंत्रांना आमच्याहून बरी रजा मिळते. ती मागायला त्यांना अर्जही करावा लागत नाही.

"आलास? हात धू. गंध तू लावायचंस," अक्का वरूनच म्हणाल्या.

"मीच का?"

"तुमच्याकडे तलवार आहे. आमच्याकडे नुसती किसणी."

 मी डबी उघडली. आधी रोटाव्हॅप, म्हणजे फ्लास्क गरागरा फिरवून द्रावक उडवणारं यंत्र. मग तराजू, मग निर्वात पंप, मग फ्रीज. आगीसाठी ठेवलेल्या लाल सिलिंडरला लावलं. सुरक्षेच्या सूचनांच्या पाटीला लावलं. मॅडम केबिनच्या दारात उभ्या राहून बघत होत्या, म्हणून आदराने केबिनच्या दारालाही लावलं.

"मला लावू नकोस," मॅडम म्हणाल्या. "मला उद्या काम आहे असं नाही, आजच आहे."

शेवटी मी माझ्या कोपऱ्यात आलो. व्हायल तिथे रॅकमध्ये उभी होती, तोंडावर ॲल्युमिनियमच्या फॉइलचा तुकडा, त्याला सुईने पाडलेली भोकं. आत तेल एका पातळ द्रावकात विरघळवून ठेवलेलं, कधीतरी उडेल या आशेवर. मी विचार केला, आयुध म्हणजे काय? ज्यावर आपलं पोट चालतं ते. माझं तर सगळं अडलंय ते या व्हायलवर. हिला लावलं नाही तर कुणाला लावणार?

लक्षात घ्या, हा विचार एका रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने केला. जगातल्या कुठल्याही दुसऱ्या प्रयोगशाळेत हा विचार झाला नसता. तिथले लोक नमुन्याला हात लावण्यापूर्वी हातमोजे घालतात. मी चंदनाचं बोट घेऊन गेलो.

फॉइल पातळ होतं. माझी भक्ती जाड होती. बोट आत गेलं.

बोट मी लगेच बाहेर काढलं, पण नखाच्या कडेला वाळलेलं चंदन होतं, त्याचा एक कण सुटला आणि द्रावणात तरंगत, गिरक्या घेत, मोठ्या ऐटीत खाली गेला. तळाला जाऊन बसला. मी त्याच्याकडे बघितलं. तो हलला नाही.

"अक्का."

"काय?"

"चंदन पडलं."

"पुसून घे."

"व्हायलमध्ये पडलं."

अक्का खुर्चीवरून उतरल्या. येऊन वाकून बघितलं. मॅडमही आल्या. तिघं मिळून एका कणाकडे बघत होतो. मॅडमनी व्हायलवरची तारीख वाचली. 

"शेवटचा नमुना आहे ना हा?" त्यांनी विचारलं.

"हो. शुद्ध केलेला हाच."

"होता," मॅडम म्हणाल्या.

 मी म्हटलं, "आत्ता गाळतो. कापूस लावून गाळलं की कण वर राहील. दोन मिनिटांचं काम आहे." आणि व्हायलकडे हात नेला.

अक्कांनी माझं मनगट धरलं.

"आज नाही."

"अक्का, कण आहे आत!"

"गंध लागलंय तिला. आज हात लावायचा नाही."

"गंध बाहेर लावायचं होतं, ते आत गेलं!"

"मग आतून लागलंय. जास्तच लागलंय. पूजेत बसलेली वस्तू वापरायची नाही, हलवायची नाही. उद्या सकाळी दिवा दाखवू, मग काय गाळायचं ते गाळ."

मी मॅडमकडे पाहिलं. वैज्ञानिक दृष्टिकोनाची शेवटची आशा म्हणून. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"गिरी, एक सांगू? तू ती व्हायल इतकी हलवतोस की आत मी असते तर मीसुद्धा तेलच राहिले असते. अलमेलू म्हणते ते कर. घरी जा."

"पण मुदत..."

"मुदत उद्याही असेल."

बाहेर विभागाच्या फाटकापाशी कुंकू भरलेला कोहळा फोडला गेला. मॅडमच्या स्कूटरच्या चाकाखाली लिंबू ठेवलं गेलं. सगळ्यांना चुरमुरे आणि सुंडल, म्हणजे चण्याची खोबरं घातलेली उसळ, मिळालं. मी सुंडल खात होतो आणि मनात फक्त तो कण होता. अक्का माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता समजावतील. त्यांनी माझ्या द्रोणातले खोबऱ्याचे तुकडे वेचून खाल्ले आणि म्हणाल्या, "किल्ली माझ्याकडे आहे. मध्येच येऊन हलवशील म्हणून."

त्यांचा माझ्यावर असा विश्वास होता.

घरी गेलो. अत्यांनी विचारलं, चंदन पुरलं का. म्हटलं, उरलंसुद्धा, आणि नको तिथे पोचलंसुद्धा. सगळं सांगितलं. अत्या म्हणाल्या, "माझ्या चंदनानं कुणाचं वाईट झालं नाही रे कधी. उगीच त्याला दोष देऊ नको." आणि मला रागावूनच पायस वाढलं. दोन वाट्या. चूक माझी, नमुना माझा, आणि रुसल्या अत्या. मी तिसरी वाटी मागून समेट केला.

विजयादशमीला सकाळी अक्का आधीच येऊन बसल्या होत्या. दिवा लावला, उदबत्ती ओवाळली, रोटाव्हॅपचं बटण मानाने दाबलं. तो एक गिरकी घेऊन कामावर रुजू झाला. मी कापूस, गाळणी, नवी व्हायल सगळं घेऊन माझ्या कोपऱ्यात गेलो.

आणि तिथेच थांबलो.

"अक्का," मी म्हटलं. "चंदनाला काहीतरी उगवलंय."

कण तळाला होता तिथेच होता. पण त्याच्या अंगातून काचेच्या पट्ट्या फुटल्या होत्या. पारदर्शक, सरळ धारेच्या, एकमेकींना टेकून उभ्या. कुणीतरी एका रात्रीत छोटंसं शहर बांधून, दिवे न लावताच निघून गेल्यासारखं.

अक्का वाकल्या. मॅडमना हाक मारली. मॅडम आल्या, वाकल्या, आणि सरळ होऊन पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "गिरीधर, हात मागे बांध."

मी हात मागे बांधले. व्हायल अक्कांनी उचलली.

क्ष-किरणांचं यंत्र तळमजल्यावर. ते हरिप्रसाद सरांच्या ताब्यात. हरिप्रसाद सर अतिशय मृदू बोलतात, कारण त्यांचं काम वाईट बातम्या देण्याचं आहे. लोक आपापले सुंदर स्फटिक घेऊन त्यांच्याकडे येतात आणि जाताना नाक पुसत जातात. यंत्राशेजारी त्यांनी टिश्यूचा डबा ठेवला आहे. ते म्हणतात लेन्स पुसायला.

"सुंदर आहेत," सूक्ष्मदर्शकातून बघत सर म्हणाले. "फारच सुंदर आहेत. म्हणून भीती वाटते."

"का सर?"

"इतके सुंदर बहुतेक मीठच असतात. यात काय काय पडलंय?"

"चंदन," अक्का म्हणाल्या.

"अजून?"

"थोडं बोट," मी म्हटलं.

"बोटाला घाम असतो. घामात मीठ असतं." सरांनी मान हलवली, अगदी घरातल्या डॉक्टरांसारखी. मग एका बारीक फासात तेलाच्या थेंबाने एक पट्टी उचलली, यंत्रात बसवली आणि दार लावलं. "आधी एवढंच बघू. स्फटिकातलं सर्वांत लहान घर केवढं आहे ते. हेच घर पुन्हा पुन्हा रचून सगळा स्फटिक होतो. घर छोटं निघालं, तर मीठ. मोठं निघालं, तर आत मोठा कुणीतरी राहतो."

आम्ही थांबलो. माझे हात अजून मागेच बांधलेले होते, कुणी सोड म्हटलं नव्हतं. पडद्यावर ठिपके यायला लागले. मी मनात मिठाशी बोलत होतो. म्हटलं, बाबा रे, तू सांबारात शोभतोस. इथे नको.

"हं," सर म्हणाले.

"हं म्हणजे काय सर?"

"मोठं घर आहे. दोन बेडरूम तरी असतील."

अक्कांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी डब्यातून टिश्यू घेतला तो दुखलं म्हणून, असं मी आजही सांगतो.

पूर्ण रचना यायला वेळ लागतो. यंत्र स्फटिक फिरवत राहतं, ठिपके गोळा करतं, मग गणित. मॅडम वर गेल्याच नाहीत. त्यांची मीटिंग होती, ती त्यांनी फोनवर "नेटवर्क नाही" म्हणून रद्द केली, लँडलाइनवरून. दुपारी सरांनी पडद्यावर अणू मांडले. कर्करोगाचं निदान सांगायचं तशा आवाजात ते म्हणाले, "मोजा."

मला मोजता येईना. पीएचडीच्या पाचव्या वर्षाला असलेला माणूस, आणि मला सातपर्यंत मोजता येईना. पाचवर पोचलो की पुन्हा पहिल्या अणूवर जायचो. शेवटी अक्कांनी पडद्यावर बोट टेकवत मोठ्याने मोजलं, मुलाला शिकवतात तसं. ओण्णु, रेंडु, मूणु. कड्यातल्या शेवटच्या, ऑक्सिजनच्या अणूवर येऊन थांबल्या.

"एळु," अक्का म्हणाल्या. सात.

मॅडमनी स्वतः पुन्हा मोजलं. उलट्या बाजूने. तरीही सात.

"बरं," मॅडम म्हणाल्या, "आता हे लिहायचं कसं?"

हा खरा प्रश्न होता. प्रयोगाचं वर्णन असं लिहावं लागतं की जगात कुणीही ते वाचून पुन्हा करू शकेल. मी पहिला मसुदा लिहिला, 'द्रावण आयुधपूजेच्या दिवशी अविचल ठेवले.' मॅडमनी खोडलं. म्हणाल्या, नॉर्वेतला माणूस काय करेल? वर्षभर थांबेल? मी म्हटलं, थांबू दे, मी पाच वर्षं थांबलो. शेवटी लिहिलं, 'चंदनाचे खोड ओले उगाळून वाळवलेली चिमूट बीज म्हणून वापरली.' आणि खरंच पुन्हा करून पाहिलं. नवं तेल बनवलं, अत्यांचं चंदन घातलं, व्हायल अक्कांच्या कपाटात कुलपात ठेवली. स्फटिक झाले. मग चंदनाशिवाय, पहिल्या स्फटिकाचा चुरा टाकून पाहिलं. तेही झाले. आता तर व्हायल उघडली की होतात. एकदा एक स्फटिक झाला की पुढच्यांना रस्ता सापडतो, असं मॅडम म्हणतात. त्या रेणूंबद्दल बोलत होत्या. मला वाटतं.

परीक्षक क्रमांक दोन यांचं उत्तर महिनाअखेरीच्या आत आलं. 'लेखकांचं म्हणणं बरोबर, माझं चूक. चंदन कुठल्या कंपनीचं, याचा उल्लेख करावा.' मी ते अत्यांना वाचून दाखवलं. अत्या म्हणाल्या, "त्याला सांग, कंपनी नव्हे, मी." निबंधात तसं छापून आलं आहे. पुरवठादार: श्रीमती सकवारबाई, टी. नगर, चेन्नई. नियतकालिकाने एक शब्द बदलला नाही.

प्रबंध सादर झाला. मौखिक परीक्षाही झाली. तिथे कुणीतरी मला विचारलं, की यातलं नेमकं तुमचं योगदान काय? प्रश्न रास्त होता. मी खरं उत्तर दिलं, म्हटलं, बोट. बाहेरून आलेले परीक्षक हसले आणि मला पास केलं. त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून मी परवा विद्यापीठाला खालील अर्ज पाठवला. पोच मिळाली आहे.

प्रति, माननीय परीक्षा नियंत्रक. विषय: पदवीच्या विभागणीबाबत. महोदय, मला देऊ केलेली डॉक्टर ही पदवी वस्तुतः संयुक्त मालमत्ता असल्याने तिचे यथायोग्य वाटप व्हावे, ही नम्र विनंती. निम्मी पदवी डॉ. अलमेलू यांना, त्यांच्याकडे आधीची एक असली तरी, मनगट वेळेवर धरल्याबद्दल द्यावी. पाव पदवी प्रा. जयवंती यांना घरी जा म्हटल्याबद्दल द्यावी. श्री. हरिप्रसाद यांना आयुष्यात एकदा चांगली बातमी सांगितल्याबद्दल आणि श्रीमती सकवारबाई यांना साहित्य पुरवल्याबद्दल प्रत्येकी योग्य तो हिस्सा द्यावा. परीक्षक क्रमांक दोन यांनी शंका घेतली नसती तर आम्हाला स्वतःलाही खात्री कधीच पटली नसती, सबब त्यांचा हिस्सा, नाव व पत्ता कळेपर्यंत, विद्यापीठाच्या तिजोरीत राखून ठेवावा. वाटपानंतर काही शिल्लक राहिल्यास अर्जदाराच्या नावे करावे. न राहिल्यास अर्जदाराची तक्रार नाही. प्रमाणपत्रावर एवढी नावे मावत नसल्यास कागदाचा आकार वाढवण्याबाबत सिंडिकेटच्या आगामी बैठकीत ठराव मांडावा, व तोपर्यंत अर्जदारास कुणीही डॉक्टर म्हणू नये, अशा आशयाचे परिपत्रक सर्व विभागांना, तसेच अर्जदाराच्या घरी, तातडीने जारी करावे.